पाहुणा आणि शेजारी

दूरदेशी जाऊन आलेल्या माणसाला घरी परतल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो असा की, "काय काय पाहिलेत?" गेल्या उन्हाळ्यात प्रभूच्या कृपेने लंडन शहरी तीन आठवडे राहण्याचा योग आम्हांला आला. मुलगा तेथे नोकरीला आहे, त्यानेच सारी व्यवस्था केली. परत हुबळीला आलो तेव्हा मंडळीतील बंधुभगिनींनी, शब्बाथ शाळेच्या मुलांनी आणि गल्लीतील शेजाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि आम्हीही हौसेने उत्तरे देत राहिलो. परंतु जो प्रश्न कोणीच विचारला नाही, तोच आमच्या मनात घर करून बसला आहे. परक्या शहरात जे पाहून आमचे मन भरून आले, तेच आपल्या गावी आपल्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा आम्ही 'नाही' का म्हटले? हा प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आधी लंडनविषयी थोडेसे. हे शहर जुने, दोन हजार वर्षांचे. आणि माणसे मात्र जगाच्या साऱ्या कोपऱ्यांतून आलेली. 2021 च्या शिरगणतीत तेथील वस्ती सुमारे 88 लाख भरली, आणि दर दहा माणसांपैकी चार जण ब्रिटनच्या बाहेर जन्मलेले आढळले. मुलाच्या घरून निघून बसमध्ये बसावे तो पुढच्या बाकावर एक भाषा, मागच्या बाकावर दुसरी, आणि चालक तिसऱ्याच भाषेत गुणगुणत असलेला. सेंट पॉलचे थोरले मंदिर पाहिले. 1666 च्या आगीत जुने मंदिर जळाल्यावर क्रिस्टोफर रेन यांच्या आराखड्याप्रमाणे ते नव्याने बांधले गेले. टेम्स नदीच्या काठी अल्बर्ट एम्बँकमेंटवर गेलो, कारण शेजारच्या अक्कांनी निघताना बजावून सांगितले होते, "काका, तेवढा बसवण्णांचा फोटो घेऊन या हं." बाराव्या शतकातील महात्मा बसवेश्वरांचा पुतळा तेथे 14 नोव्हेंबर 2015 रोजी उभा राहिला. आपल्या मुलखातला ओळखीचा चेहरा त्या थंड नदीकाठी पाहून आम्हांला केवढा आनंद झाला! 'काय हे मोठ्या मनाचे शहर,' असे आम्ही तेथेच उभे राहून म्हटले. अक्कांना फोटो दाखविला, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले.

परंतु ज्या दोन जागांनी आम्हांला विचारात पाडले, त्यांचे फोटो आम्ही कोणाला फारसे दाखविले नाहीत.

पहिली जागा म्हणजे शहराच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावर असलेली विटांची एक साधी, भक्कम इमारत. ती 1743 साली बांधली गेली. त्या सालाचा आकडा असलेले छायायंत्र अजून तिच्या भिंतीवर आहे. बांधणारे ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्समधील आपले प्रॉटेस्टंट बांधव. 1685 साली चौदाव्या लुई राजाने त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले तेव्हा ते हजारोंनी देश सोडून निघाले. इंग्रजीतला 'रेफ्युजी' हा शब्द याच लोकांमुळे वापरात आला. त्यांच्यांतील पुष्कळ जण रेशीम विणणारे होते. त्यांनी या भागात माग मांडले आणि आपल्या फ्रेंच भाषेत देवाची भक्ती करण्यासाठी हे मंदिर उभारले. पुढे त्यांची नातवंडे-पतवंडे इंग्रजच होऊन गेली आणि वस्ती पांगली. 1819 साली ही इमारत मेथडिस्ट मंडळीकडे आली. मग रशियाकडून छळ सोसून आलेले यहूदी येथे येऊन राहिले, आणि 1898 साली तेथे त्यांचे सभास्थान झाले. तेही पुढे शहराच्या इतर भागांत गेले. त्यांच्यामागून बांगलादेशातील सिल्हेटचे लोक आले, आणि 1976 पासून तेथे मशीद आहे.

खरे सांगावयाचे तर ही हकीगत ऐकून आमच्या मनाला प्रथम चटका बसला. जेथे आपल्या विश्वासासाठी देशोधडीला लागलेल्या लोकांनी स्तोत्रे गायिली, तेथे आज ती गायिली जात नाहीत, याचे दुःख ख्रिस्ती माणसाला होणारच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. 'सर्व धर्म सारखेच' असे म्हणून आम्ही ते दुःख झाकणार नाही. परंतु त्या भिंतीसमोर उभे राहिलो असता दुसराही एक विचार आला. बाहेरून आलेल्या या तिन्ही लोकांपैकी कोणी येथे मौजेसाठी आले नव्हते. कोणी राजाच्या भयाने, कोणी दंगलीच्या भयाने, तर कोणी पोटासाठी आले होते. प्रत्येक वेळी आधीच्या रहिवाशांना हे नवे लोक नकोसेच वाटले असणार. त्यांची भाषा कळत नाही, त्यांच्या स्वयंपाकाचा वास सोसत नाही, ते आपला धंदा बुडवतील, अशी कुरकूर झालीच असणार. तरी त्या त्या वेळी कोणीतरी जागा दिली, किंवा निदान घेऊ दिली.

दुसरी जागा तेथून पायी थोड्याच अंतरावर आहे. व्हाइटचॅपेल, म्हणजे 'पांढरे मंदिर', हे त्या भागाचे नाव जुन्या सेंट मेरी मंदिरावरून पडले. ते मंदिर 1940 साली महायुद्धात बाँब पडून उद्ध्वस्त झाले. आज तेथे एक बाग आहे. बागेला 1998 पासून अल्ताब अली याचे नाव दिले आहे. हा कोणी राजा किंवा सरदार नव्हता. हा बांगलादेशातून आलेला कपडे शिवणारा तरुण कामगार. 4 मे 1978 रोजी संध्याकाळी कामावरून घरी जात असता, केवळ तो परका दिसतो म्हणून, काही मुलांनी त्याला भोसकून ठार केले. त्यानंतर दहा दिवसांनी सुमारे 7,000 लोक त्याची शवपेटी घेऊन पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेले.

त्या बागेत लोक बाकावर बसून डबा खात होते, मुले पळत होती. आम्हीही घरून आणलेल्या चपात्या तेथेच खाल्ल्या. आणि मग ध्यानात आले की, ज्या शहराला आम्ही 'मोठ्या मनाचे' म्हणून प्रशस्तिपत्र देत होतो, त्याचे मन आपोआप मोठे झालेले नाही. तेथल्या लोकांनी त्यासाठी भांडणे सोसली, रक्त पाहिले, रस्त्यावर चालत गेले, आणि अजूनही ते काम संपलेले नाही. आम्हांला बसमध्ये तीन भाषा ऐकून गंमत वाटली. त्या गमतीची किंमत दुसऱ्यांनी भरलेली होती. आम्ही तर पाहुणे. आमचे परतीचे तिकीट खिशात होते.

येथेच पाहुणा आणि शेजारी यांतला भेद आम्हांला दिसला. पाहुण्याला रंग दिसतात, शेजाऱ्याला आवाज ऐकू येतो. पाहुणा परक्याच्या जेवणाची चव घेतो; शेजाऱ्याला रोज त्याच जिन्यावरून जावे लागते, त्याच नळावर पाणी भरावे लागते. पाहुण्याच्या कौतुकाला काही पडत नाही. शेजाऱ्याला मात्र वेळ द्यावा लागतो, जागा द्यावी लागते, आणि प्रसंगी आपला हेका सोडावा लागतो. म्हणून नैतिक प्रश्न असा की, जे कौतुक फुकट आहे त्याला सद्गुण म्हणावे काय?

कोणी म्हणेल, मग प्रवास करणेच चूक की काय? तसे मुळीच नाही. पवित्र शास्त्रात याचे फार सुंदर उदाहरण आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेनै शहरी येतो. आज जी ग्रीस देशाची राजधानी आहे तेच हे शहर. त्या काळीही ते विद्येचे, कलेचे आणि नाना दैवतांचे माहेरघर होते. सीला व तीमथ्य येईपर्यंत पौलाला तेथे थांबणे भाग होते, म्हणजे तोही एका अर्थी रिकामा पाहुणाच होता. त्याने काय केले? तो शहरभर फिरला आणि तेथली पूजास्थाने त्याने इतक्या लक्षपूर्वक पाहिली की, अज्ञात देवासाठी बांधलेल्या एका वेदीवरचा लेखही त्याच्या नजरेतून सुटला नाही. मूर्ती पाहून त्याचा आत्मा आतून तळमळला. ते त्याने लपविले नाही. तरी तो तोंड फिरवून बसला नाही. रोज बाजारात जाऊन भेटेल त्याच्याशी बोलत राहिला, आणि अरीयपगावर उभा राहिला तेव्हा तेथील लोकांना मान देऊनच त्याने बोलण्यास आरंभ केला. खुशामत नाही आणि तुच्छताही नाही. देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली, हे तो त्यांना सांगतो. जो असे मानतो त्याला परक्या शहरात केवळ प्रेक्षक होऊन राहता येत नाही.

चांगल्या शमरोन्याचा दाखला तर आपण लहानपणापासून ऐकतो. शब्बाथ शाळेत आम्ही तो पुष्कळदा शिकविला आहे. परंतु त्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात आजवर आली नव्हती. जखमी माणसाचा शेजारी ठरला तो एक वाटसरू होता. त्याचे घर तेथे नव्हते, ओळख नव्हती, तो आपल्या कामाला चालला होता. म्हणजे शेजार हा घराच्या अंतरावर ठरत नाही. हात पुढे केला की ठरतो. पाहुणाही शेजारी होऊ शकतो, आणि भिंतीला भिंत लावून राहणारा माणूस जन्मभर पाहुणाच राहू शकतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपले हुबळी-धारवाड (2014 पासून हुबळीचे सरकारी नाव हुब्बळ्ळी) हे काही राजधानीचे शहर नव्हे. पण लंडनच्या बसमध्ये जे ऐकले ते हुबळीच्या स्टेशनावर आम्ही नोकरीची सारी वर्षे ऐकत आलो आहोत. कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू, कोंकणी. रेशमाच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या सावजी लोकांची घरातली वेगळी बोली. आणि रेल्वेबरोबर आलेल्या तमिळ व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या भाषा. जवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, घरी कानडी बोलत, गाणे शिकले ते अब्दुल करीम खाँसाहेबांपाशी, आणि गाजले ते मराठी रंगभूमीवर. त्यांच्यापाशी शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला जात. यांतले कोणते परके आणि कोणते आपले हे निवडावयास बसलो तर गाणेच हाती उरणार नाही. याच गावात 1994 साली ईदगाह मैदानाच्या वादात गोळीबार होऊन माणसे मेली, हेही विसरून चालणार नाही. येथेही शेजार स्वस्तात मिळालेला नाही.

आणि आपली मंडळी तरी येथे कशी आली? बासल मिशनचे लोक 1837 साली धारवाडला आणि 1839 साली हुबळीला आले ते परदेशी पाहुणे म्हणूनच. त्यांच्यांतील फर्डिनांड किटेल यांचे नाव येथे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. 1853 साली जर्मनीहून आलेल्या या माणसाने कानडी लोकांची भाषा अशी आपलीशी केली की, 1894 साली त्यांचा सुमारे 70,000 शब्दांचा कानडी-इंग्रजी कोश छापून निघाला. कित्येक वर्षे लोकांच्या तोंडचे शब्द एकेक करून ऐकावे, टिपावे, जपावे, हे कौतुकाने फिरणाऱ्या पाहुण्याचे काम नव्हे.

आम्हां मराठी घराण्यांची गोष्ट आणखी जवळची आहे. आमचे वडीलधारे रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथे आले तेव्हा त्यांना मराठीत उपासना करण्यास जागा नव्हती. एका कानडी मंडळीने आपल्या मंदिरात त्यांना रविवारी दुपारची वेळ दिली. त्या मंदिराची झाडलोट करणारी म्हातारी कुरकुर करीत असे की, "तुमची मुले बाकांवर पाय देतात." तरी उपासनेच्या आधी दिवे तीच लावून ठेवीत असे. ही हकीगत आमच्या आई अनेकदा सांगत. पुढे देवाच्या कृपेने आमची स्वतःची इमारत झाली.

आता आमच्या अपराधाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेनंतर दहा-बारा तरुण पाळकसाहेबांना भेटण्यास आले. झारखंड आणि ओडिशाकडून बांधकामावर आलेले हे मजूर. आपसांत सादरी भाषा बोलणारे. ते काही कालचे ख्रिस्ती नव्हेत. त्यांच्या छोटा नागपूरच्या मुलखात गोस्नर मिशनचे लोक 1845 साली पोहोचले, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या तेथे सुवार्ता नांदते आहे. त्यांची मागणी एवढीच की, रविवारी दुपारी तीन ते साडेचार आम्हांला तुमच्या मंदिरात आमच्या भाषेत भक्ती करू द्यावी.

पंचकमिटीपुढे अर्ज आला. चर्चा झाली. ते मांदर वाजवतात, शेजारचे लोक तक्रार करतील. पायांना सिमेंट लागलेले असते, फरशी खराब होईल. किल्ली कोणाकडे राहावी? विजेचे बिल कोण भरणार? ज्या बंधूंनी सर्वांत जास्त विरोध केला ते वाईट गृहस्थ नव्हेत. त्या फरशीसाठी त्यांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली होती. त्यांच्या शंका खोट्या नव्हत्या. शेवटी 'सध्या सोय होणे शक्य नाही' असा ठराव झाला. चिटणीस या नात्याने ते पत्र आम्हीच लिहिले. आजही फाईलमध्ये ते आमच्याच अक्षरात आहे.

हे पत्र आम्ही विसरूनही गेलो होतो. त्या बागेतल्या बाकावर चपाती खाताना ते आठवले.

हुबळीला आल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही त्या तरुणांचा शोध घेतला. गोकुळ रोडच्या बाजूला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर ते जमतात असे कळले. गेलो तो ताडपत्री अंथरून वीस-पंचवीस जण बसलेले, दोघी बाया कडेवर लेकरे घेऊन. आमची ओळख त्यांना पटली की नाही ठाऊक नाही. पटली असली तरी त्यांनी ती दाखविली नाही. पहारेकऱ्याची एकच प्लास्टिकची खुर्ची तेथे होती, ती त्यांनी पुसून आम्हांला दिली. गाणी कळली नाहीत, परंतु कोणाचे नाव घेऊन ती गात आहेत ते कळत होते. शेवटी त्यांनी आम्हांला प्रार्थना करावयास सांगितले. आमच्याने चार शब्दही धड बोलवले नाहीत.

परक्या देशातून आलेल्याला आपल्यातल्यासारखेच वागवावे, कारण तुम्हीही एके काळी परदेशी उपरे होता, अशी देवाने इस्राएलास आज्ञा दिली (लेवीय 19:33-34). या आज्ञेची मेख तिच्या कारणात आहे. देव त्यांना दया शिकवितो ती आठवण करून देऊन. ज्याला आपले उपरेपण आठवते त्याला दार उघडणे सोपे जाते. ज्याची स्वतःची इमारत झाली, त्याला मात्र आपण कोणाच्या दिव्याखाली भक्ती करीत होतो याचा विसर पडतो. आमचे तसेच झाले. लंडनमधील फ्रेंच मंदिराचा इतिहास आम्ही मन लावून ऐकला, आणि आपल्या आईने सांगितलेला इतिहास विसरलो.

फरशी खराब होईल, ही शंका अजूनही खरी आहे. मांदराचा आवाज होईल, हेही खरे. खर्च नसलेली प्रीती शोधू लागलो तर ती प्रवाशांच्या बोलण्यातच सापडेल. म्हणून या शंका पुसून न टाकता त्यांची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे, असे आम्हांला वाटते. पुढील महिन्यात पंचकमिटीची सभा आहे. अर्ज पुन्हा मांडावयाचा, किल्ली आमच्याकडे ठेवावयाची, रविवारी तीन वाजता दार आम्ही उघडावयाचे आणि उपासना झाल्यावर फरशीही आम्हीच पुसावयाची, असे ठरविले आहे. ठराव मंजूर होईल की नाही हे सांगता येत नाही. विरोध करणाऱ्या त्या बंधूंना आधी घरी जाऊन भेटणार आहोत, कारण तेही आमचे शेजारीच आहेत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती आहे. दूरच्या शहरांची चित्रे मुलांना अवश्य दाखवा. पण एका रविवारी त्यांना असेही विचारा की, घरून मंदिरात येईपर्यंत तुमच्या कानांवर किती भाषा पडल्या? ती यादी चटकन भरेल. मग त्यांतील प्रत्येक भाषेच्या एका माणसाचे नाव लिहावयास सांगा. आम्ही स्वतः ही दुसरी यादी करून पाहिली. सादरीच्या पुढची जागा आमच्याकडे दोन वर्षे रिकामी होती. परवा तेथे एक नाव लिहिले.